दहा बाय चौदाची हिरवळ

३ मार्च

आदरणीय व्याहीबुवांना,
सप्रेम नमस्कार.

मी तुमच्या मुलीची सासू. आपली भेट झालेली नाही. लग्नाला तुम्ही आला नाहीत, नंतर आम्हीही कधी तिकडे फिरकलो नाही. दोन वर्षं दोन्हीकडून गप्प गेली. हे पत्र तक्रारीचं नाही हे आधीच सांगून टाकते, कारण सासूचं पत्र म्हटलं की मुलीचे वडील घाबरून आधी शेवटची ओळ वाचतात. मुलगी तुमची छान आहे. मी लिहितेय ते गवताबद्दल.

आमच्या घरासमोर दहा बाय चौदा फुटांची हिरवळ आहे. हे माप आमच्या ह्यांचं. ते जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झाले, आणि घरातल्या सतरंजीचंही क्षेत्रफळ त्यांना पाठ आहे. शेजारी दातांचे डॉक्टर राहतात. त्यांचंही गवत एवढंच, पण त्यांच्याकडे पेट्रोलचं यंत्र आहे. रविवारी सकाळी ते सुरू झालं की आमच्या कपाटातल्या बशा थरथरतात. गल्लीत त्यांचं नाव इंजिनकाका पडलंय. मी तेहेतीस वर्षं वाचनालयात काढली, मला आवाज सोसत नाही. म्हणून हे जुन्या बाजारातून हाताने ढकलायचं यंत्र घेऊन आले. दोन लोखंडी चाकं, मध्ये पाच वळणदार पात्यांचा रूळ आणि लांब लाकडी दांडा. ढकललं की किरकिर किरकिर असा इतका गोड आवाज येतो! अडचण एकच. ते गवत कापत नाही, गवताचा भांग पाडतं.

सूनबाईला म्हटलं, तू यंत्रांच्या दुरुस्तीतच काम करतेस, जरा बघ. तर म्हणाली, "आई, आमच्याकडे विजेची आणि पेट्रोलची येतात. असली जुनी मला नाही जमत. ह्यातलं कळणारा एकच माणूस आहे." कोण म्हणून विचारलं, तर पाकिटावर तुमचा पत्ता लिहून दिला आणि आत जाऊन घासलेलीच कढई पुन्हा घासायला लागली.

फोन करणार होते. ती म्हणाली, बाबा फोनवर "बोला" म्हणतात आणि नंतर स्वतः काही बोलत नाहीत. म्हणून हे पत्र.

आपली,
विहीण

११ मार्च

सौ. विहीणबाईंस नमस्कार.

पत्र मिळालं. पाती बोथट असतील किंवा खालच्या पट्टीला टेकत नसतील. रूळ फिरतो तेव्हा पातं आणि खालची पट्टी यांच्यामध्ये गवत सापडून कातरलं जातं. कात्रीचंच काम आहे. वर्तमानपत्राची पट्टी मध्ये धरा, रूळ हाताने हळू फिरवा. बोटं सांभाळा. कागद स्वच्छ कापला गेला तर ठीक. मुडपला तर कळवा, कुठे मुडपला तेही कळवा.

गवत ओलं असताना कापू नये. सुकं यंत्र तेल न घालता ढकलू नये.

कळावे,
व्याही

२० मार्च

व्याहीबुवांना नमस्कार.

पोस्टकार्ड मिळालं. एवढाल्या मोठ्या अक्षरात लिहिलं होतंत की मी ह्यांना म्हटलं, व्याही रागावलेले दिसतात, ओरडूनच लिहिलंय. रागावला असाल तर तसं सांगा, माझी हरकत नाही. राग मनात ठेवण्यापेक्षा टपालात टाकलेला बरा.

आता अहवाल. कागदाच्या पट्ट्या ह्यांनी सेंटिमीटरने मोजून कापल्या. मग पातं डोळ्यांच्या रेषेत यावं म्हणून हिरवळीवर पालथे झोपले. इंजिनकाकांनी कुंपणावरून पाहिलं, त्यांना वाटलं चक्कर आली, ते पाण्याचा तांब्या घेऊन धावत आले आणि विचारपूस न करता डोक्यावर ओतला. कागदही भिजला. दुसऱ्या खेपेला निकाल असा: डावीकडे स्वच्छ कापला, मध्ये बरा, उजवीकडे मुडपला.

सूनबाई हे सगळं पायरीवर बसून बघत होती आणि पोट धरून हसत होती. मग उठून आली, एका पात्यावर अंगठा आडवा फिरवला, म्हणाली, "ह्याला इथे खडा लागलाय, दोन जागी." आम्हाला तर काही दिसलं नाही. नंतर भिंग लावून पाहिलं तेव्हा बारीक खाचा दिसल्या, दोनच. पण लगेच म्हणाली, "मला काय कळतंय, बाबांना विचारा." म्हणून विचारते.

आपली,
विहीण

२७ मार्च

सौ. विहीणबाईंस,

मी रागावलेलो नाही. दुकानाच्या पाट्या रंगवून मोठ्या अक्षराची सवय झाली आहे.

तुमची मात्र फसवणूक झाली आहे. अंगठा फिरवून खडा सांगणाऱ्या मुलीला धार लावता येत नाही असं कोणी सांगितलं तर तुम्ही विश्वास ठेवाल? नऊ वर्षांची होती तेव्हापासून ती माझ्या दुकानात स्टुलावर बसायची. तिची आई गेल्यावर शाळेतून थेट तिथेच. सहाणेवर पातं धरलं की ठिणग्या उडायच्या आणि ही टाळ्या पिटायची, म्हणून मी तिला ठिणगी म्हणतो. म्हणायचो. चौदाव्या वर्षी तिने क्रीडासंकुलाची बारा यंत्रं एकटीने लावून दिली. एकही परत आलं नाही. माझी दोन आली होती त्या वर्षी.

तेव्हा येत नाही हे खोटं. ते तिने तुम्हाला का सांगितलं ते मला माहीत नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण आता लिहायला बसलो आहे तर लिहितो. गिऱ्हाइकं कमी होत होती. ती म्हणाली, विजेची यंत्रंही दुरुस्तीला घेऊ. मी म्हटलं, मी जिवंत असेपर्यंत तसलं यंत्र या उंबऱ्याच्या आत येणार नाही. ती म्हणाली, मग उंबरा सांभाळत बसा. चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाली. मीही चार गिऱ्हाइकांसमोर म्हटलं, जायचं तर जा. ती गेली. मी तिला 'जा' म्हटलं ते 'थांब' ऐकायला येईल असं वाटून. तसं कोणाला ऐकायला येत नाही, हे मला उशिरा कळलं.

उजवीकडचा स्क्रू पाव फेरा आवळा. जास्त नाही. जोर लावला की पाती खराब होतात.

व्याही

५ एप्रिल

व्याहीबुवा,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि मग सूनबाईच्या पुढ्यात ठेवलं. तुम्ही ठेवू नका म्हटलं नव्हतंत.

तिने वाचलं. पहिला प्रश्न काय विचारला सांगू? "बाबांनी कितव्या पत्रात ओळखलं?" दुसऱ्याच, म्हटलं. तशी खुदकन हसली आणि हसता हसताच रडायला लागली. मी पदर पुढे केला, तिने नाकही त्यालाच पुसलं. सासू म्हणून एवढा मान मला आजवर कोणी दिला नव्हता.

मग सगळं बाहेर आलं. म्हणे, मी स्वतः लिहिलं असतं तर बाबांनी पाकीट न फोडता ठेवून दिलं असतं, पण बिघडलेल्या यंत्राचं पत्र आलं तर ते उत्तर दिल्याशिवाय राहणार नाहीत. आणि तुम्हाला माहीत नसलेली एक गोष्ट सांगते. तिच्या दुरुस्तीकेंद्रात मागच्या बाजूला एक फळी आहे. जी हातयंत्रं बाकीचे कारागीर भंगारात टाका म्हणतात, ती ही त्या फळीवर ठेवते आणि जेवणाच्या सुट्टीत लावते. आत्तापर्यंत सव्वीस झाली. तिला विजेची यंत्रं आणायची होती ती जुन्यांना हाकलायला नव्हे हो. जुन्यांना घरात ठेवता यावं म्हणून.

आता मुद्द्यावर. आमच्या यंत्राला ती हात लावायला तयार नाही. "लावतील तर बाबाच," म्हणते. गवत घोट्याच्या वर आलंय. ह्यांनी रोज मोजायला सुरुवात केली आहे. तुम्हाला यावंच लागेल. आमच्या घरात एक जादा खोली आहे, नऊ बाय अकरा.

तुमची,
विहीण

१४ एप्रिल

सौ. विहीणबाईंस,

बोलावलंत, आनंद वाटला. सध्या हंगाम आहे, कामाचा ढीग आहे, दुकान सोडता येत नाही. पुढे बघू.

सोबत पार्सल पाठवतो आहे. त्यात धार काढायची पेस्ट आहे. ब्रशने पात्यांवर लावावी आणि रूळ उलटा फिरवावा, शंभर फेरे. नंतर धुऊन पुसून तेल द्यावं. तिला सांगा, डाव्या हाताने फिरव, उजवा दुखतो तिचा.

सव्वीस हे वाचलं.

व्याही

२२ एप्रिल

व्याहीबुवा,

पार्सल पोचलं. पेस्टच्या डब्यावर कागदाची चिठ्ठी चिकटवली होती, त्यावर तुमच्या मोठ्या अक्षरात "धार" लिहिलं होतं. ह्यांनी उत्साहाने झाकण उघडलं. आत काळं बूटपॉलिश.

आम्ही दोघं हसत सुटलो. ह्यांनी तर तेवढ्यात आपली चप्पलही पुढे केली. पण सूनबाई हसली नाही. तिने डबा हातात घेतला आणि खाली बसली. म्हणाली, "आई, बाबांच्या दुकानात पेस्टचा डबा लाल असतो. पॉलिशचा काळा. लाल आणि काळ्यात ते चुकणारे नाहीत." मग तिने तुमची सगळी पत्रं मागितली आणि ओळीने मांडली. मीही चष्मा लावून बघितलं. वाचनालयात मी कितीतरी म्हाताऱ्या वाचकांच्या सह्या बघितल्या आहेत. आधी अक्षर मोठं होतं, मग ओळ उताराला लागते, मग एका शब्दावर दुसरा चढतो. तुमच्या पहिल्या पत्रात मला राग दिसला होता. मी चुकीचं वाचलं. पाट्या रंगवायची सवय वगैरे काही नाही. तुम्हाला दिसत नाहीये, व्याहीबुवा.

रागावणार नाही, पण खरं सांगायला काय झालं होतं? ह्यांनाही गुडघ्याचं दुखणं आहे, ते तर दिवसातून चारदा सांगतात.

हे पत्र तुम्हाला वाचायला भिंग घेऊन उन्हात बसावं लागेल, म्हणून थोडक्यात लिहिते: ती निघाली आहे. सकाळच्या गाडीने. नवऱ्याला स्टेशनवरूनच सांगितलं, तो म्हणाला, "मग अजून इथे काय करतेस?" पत्राच्या आधी तीच पोचेल बहुतेक. तसं झालं तर हे तिच्याकडूनच वाचून घ्या.

तुमची,
विहीण

६ मे

ती. आईंना साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र माझ्यानंतर तीन दिवसांनी आलं आणि बाबांना मीच वाचून दाखवलं. "दिसत नाहीये" तिथे आल्यावर ते म्हणाले, "पुढचं वाच, पुढचं वाच."

मी पोचले त्याची गंमत सांगते. दुकानाचं दार अर्धवट उघडं. आत अकरा यंत्रं रांगेत. बाबा एका रुळाला कान लावून बसलेले, तो फिरवत होते आणि ऐकत होते. मी दारात उभी राहिले. त्यांना सावली दिसली असावी, म्हणाले, "आज होणार नाही. शनिवारी या."

मी म्हटलं, "शनिवारपर्यंत गवत गुडघ्याला लागेल."

त्यांचा हात थांबला. "घाई असेल तर दुसरीकडे जा," म्हणाले, पण तोंड दाराकडे वळलं होतं.

"दुसरीकडे जाऊन आले, बाबा. तिथे मला फक्त जेवणाच्या सुट्टीत काम करू देतात."

मग ते उठले आणि मधल्या यंत्राला अडखळले, मी धरलं, आणि आम्ही दोघं तेलकट हातांनी बराच वेळ तसेच उभे राहिलो. माझी निळी ओढणी गेली. जाऊ दे.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, आई. दीड वर्षापासून. डॉक्टर म्हणाल्या, अर्ध्या तासाचं काम, काकांनी आधीच यायला हवं होतं. ते आले नाहीत, कारण दुकान पंधरा दिवस बंद ठेवलं तर उरलेली गिऱ्हाइकंही जातील अशी भीती. आणि डोळे गेलेत हे कळलं तर यंत्र कोण देणार, ही दुसरी. म्हणून कानाने काम करत होते. पातं पट्टीला कुठे लागतं ते आवाजावरून ओळखायचे. खोटं वाटेल, पण मी अकराही तपासली, नऊ बरोबर होती. मी म्हटलं, "बाबा, हे मला शिकवा." ते म्हणाले, "त्यासाठी आधी आंधळं व्हावं लागतं," आणि आम्ही दोघं इतके हसलो की शेजारचा शिंपी बघायला आला.

पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन गुरुवारी झालं. ते हिरवी पट्टी लावून दुकानाच्या मागच्या खाटेवर पडून होते आणि मी पुढे काम करत होते. तेवढ्यात शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या, हातात विजेचं यंत्र. वायर तुटलेली. मी लगेच त्यांच्याबरोबर बाहेर गेले, हळूच सांगणार होते की इथे घेत नाही, मी घरी येऊन करून देते. बाबांचा आवाज आला, "कोण आहे गं?"

"शाळेच्या बाई आहेत."

"काय आणलंय?"

खोटं बोलवेना. म्हटलं, "विजेचं आहे, बाबा."

आतली खाट करकरली. मग ते म्हणाले, "मग बाईंना उन्हात काय उभं केलंस? आत घे की."

आई, मी ते यंत्र दोन्ही हातांनी उचलून आत आणलं. हलकंच असतं, पण मला ते पेलवेना. बाबांनी चाचपून पाहिलं, म्हणाले, "ह्याची पाती कसली! ही तर पट्टी आहे नुसती. गवत कापत नाही, मारतं." आणि मग, "वायर कुठे तुटलीय?"

दुसरा डोळा वीस तारखेला. तोवर मी इथेच राहीन म्हणते. तुमच्या चिरंजीवांना सांगा, रविवारी येताना माझी जुनी पँट आणि जाड हातमोजे आणा.

तुमची,
सूनबाई (बाबा म्हणतात, ठिणगी लिही)

९ जून

सौ. विहीणबाईंस सप्रेम नमस्कार.

अक्षर बारीक आलं आहे, वाचायला त्रास होईल. मुद्दाम काढलं आहे. मला दिसतं हे दाखवायची दुसरी सोय नाही.

पट्टी काढली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी समोर तक्ता धरला होता. मी तक्त्याकडे पाहिलंच नाही. तक्त्याच्या बाजूला ठिणगी उभी होती. तिच्या कपाळावर एक बारीक व्रण आहे, तो लहानपणी माझ्याच दुकानात झाला होता, तो पाहिला. दोन वर्षांत ती थोडी जाड झाली आहे. तुमच्याकडे नीट जेवते असं दिसतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वाचा की, काका." मी म्हटलं, वाचतोय.

जावई दर रविवारी येतात. त्यांना यंत्रातलं काही कळत नाही, हे ते मोकळेपणाने सांगतात. असा माणूस मला आवडतो. लग्नाला न आल्याबद्दल मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "बाबा, तो स्क्रू कुठला धरू तेवढं सांगा."

मी एकोणीस तारखेला तुमच्याकडे येतो आहे. एकटा येतो. ठिणगी इथे आहे, रोज सात-आठ यंत्रं येत आहेत, दोन्ही जातींची. गवत तोवर कापू नये.

आपला,
व्याही

२४ जून

चि. ठिणगीस अनेक आशीर्वाद.

तुझे बाबा सुखरूप पोचले. हे स्टेशनवर घ्यायला गेले होते. दोघांनी एकमेकांना ओळखलं कसं म्हणतेस? ह्यांच्या हातात मोजपट्टी आणि त्यांच्या हातात तेलाची बुधली.

घरी आले ते चहाही न घेता थेट यंत्राकडे. अंगणात गोणपाट टाकलं, यंत्र उलटं केलं आणि दोन तास मान वर केली नाही. हे शेजारी बसून फेरे मोजत होते. शंभर झाल्यावर ह्यांनी हात वर केला, तर तुझे बाबा म्हणाले, "आणखी वीस. व्याह्यांसाठी." मग कागदाची पट्टी धरली. ती इतकी अलगद कापली गेली की दोन तुकडे झालेत हे कागदालाच कळलं नसावं.

गवत गुडघ्याला होतं, ते आधी त्यांनी विळ्याने खाली आणलं. आणि मग ढकललं. अगं, काय सांगू! पात्यांमधून हिरवे तुषार उडत होते आणि आवाज कसला, कोणी रेशमी कापड कापतंय असा. कुंपणाशी इंजिनकाका, त्यांची बायको, समोरच्या घरातल्या तिघी बहिणी, पेपरवाला, सगळे जमले. पेपरवाल्याने विचारलं, "मी एकदा ढकलू का?" तुझ्या बाबांनी दांडा त्याच्या हातात दिला, त्याची कोपरं नीट वाकवली आणि म्हणाले, "जोर नको. नुसतं चालायला निघाल्यासारखं चाल." मग सगळ्यांनाच हवं झालं. ह्यांनी रांग लावली, प्रत्येकी एक पट्टा, चौदा फूट. माझा नंबर सातवा होता. मी पदर खोचला आणि ढकललं. एकसष्टाव्या वर्षी मला कळलं की काम करताना माणूस शीळ घालतो ती का घालतो. मला येत नाही, तरी घातली.

आणि मग गवत संपलं! रांगेत अजून चार जण. दहा बाय चौदाची हिरवळ ती, पुरणार किती? सगळ्यांचे चेहरे असे पडले की बघवेना. तेव्हा इंजिनकाका खाकरले, घशातल्या घशात म्हणाले, "आमचंही वाढलंय जरा," आणि त्यांनी आपलं फाटक उघडून धरलं. अख्खी वरात यंत्रामागून पलीकडे गेली. ते गवत झालं, मग समोरच्या बहिणींचं झालं. अंधार पडेपर्यंत गल्लीत तेवढाच एक आवाज होता, आणि हसणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुझे बाबा पायरीवर बसले. मी चहा दिला, तो त्यांनी गार होईपर्यंत हातात धरला. समोर तुकडा न् तुकडा सारखा कापलेला. सरळ ते शेवटच्या कोपऱ्यापर्यंत बघत होते, पाती न् पाती मोजल्यासारखे.

काल परतीचं तिकीट काढायचं म्हणून हे विचारायला गेले, "व्याही, उद्याचं काढू की परवाचं? दुकान खोळंबलं असेल." तर तुझे बाबा पाय लांब करून आरामखुर्चीत पडले, डोळे मिटले, आणि म्हणाले, "पुढच्या महिन्यातलं काढा. दुकान कशाला खोळंबेल? मालकीणबाई आहेत तिथे."

तुझी,
आई